सातशे रुपयांचा हिशेब

मैत्रिणींनो, पगाराच्या चिठ्ठीवर कापलेल्या रकमांत ‘व्यवसाय कर’ हा शब्द तुम्ही कधीतरी वाचला असेल. ‘आता हे आणखी काय?’ म्हणून कपाळाला आठीही पडली असेल. त्याचं उत्तर सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या शेतात आहे.

वि. स. पागे पेशाने वकील, वृत्तीने गांधीवादी. 1960 ते 1978 अशी अठरा वर्षं ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीची खुर्ची उंच खरी, पण तिथे बसून स्वतः बोलायचं थोडं आणि दुसऱ्याचं ऐकायचं फार! म्हणूनच की काय, त्यांचं सर्वांत मोठं काम भाषणाने नव्हे, पत्राने झालं.

साल 1965. शेतातल्या कामासाठी सातशे रुपये सरकारी मदत होती. एवढ्यात किती जणांना काम देता येईल, असं पाग्यांनी पत्नीला विचारलं. बाईंनी चटकन हिशेब सांगितला : वीसेक माणसं, पंधरा-वीस दिवस. महिन्याचं वाणसामान बसवणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल नाही. पण सभापतींनी तो हिशेब कानाआड केला नाही, हे मला विशेष वाटतं. सातशेत इतके, तर कोटी रुपयांत किती? त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना लिहिलं. तासगाव तालुक्यात प्रयोग झाला आणि 1972 च्या भीषण दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पोचली.

मागेल त्याला काम द्यायचं, तर पैसा हवा. 1975 पासून शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला तो यासाठी. खेड्यातल्या चुलीसाठी शहरातल्या पगाराला हात लागला. आणि विरोधी पक्षांनीही योजनेला पाठिंबा दिला. 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला.

कामावर बायका मोठ्या संख्येने आल्या. पाझर तलावाची माती वाहायची, खडी फोडायची. काम मोजून मजुरी आणि बाई-पुरुषाला दर एकच. शेतावर मात्र बाईला कमी द्यायची रीतच होती. लेकरांसाठी कामावर पाळणाघराची तरतूद होती. सगळीकडे ती पाळली गेली असं नाही. झाडाला बांधलेली झोळीच पुष्कळदा पाळणाघर व्हायची. तरी आठवड्याची मजुरी बाईच्या स्वतःच्या हातात पडू लागली.

2005 मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला. पागे त्याआधीच, 1990 मध्ये गेले होते.