संवाद करा म्हणता, पण बोलू कोण देतो?



"पोलिसात जाण्याआधी एकदा बसून बोला." वर्धा जिल्ह्यात काम करताना हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकताच आम्ही वही काढतो. पुढे काय होणार ते ठाऊक असतं.

देवळी तालुक्यातल्या एका गावात भीमजयंतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावरून वाद झाला, आपल्या एका पोराला मार बसला. मग बैठक बोलावली. आपल्या बाजूने साठी ओलांडलेले एक काका बोलायला उठले. त्यांचं पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत समोरचा विशीतला पोरगा म्हणाला, "तू चूप बस बे." काका त्याला "भाऊ, तुम्ही ऐकून तर घ्या" म्हणत राहिले. तासाभराने कागदावर लिहिलं गेलं की चर्चेतून वाद मिटला. आम्हीही तिथे होतो आणि त्या कागदाला हरकत घेतली नाही, हे कबूल केलं पाहिजे.

त्या दिवशी नेमकं काय झालं, हे समजायला आम्हाला समाजशास्त्राची जुनी टिपणं उघडावी लागली. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या तिघांनी १९७४ मध्ये रोजच्या बोलण्यातली पाळी कशी ठरते यावर लेख लिहिला. एकाचं वाक्य कुठे संपतं, पुढची पाळी कोणाला मिळते, याचे नियम असतात आणि आपण ते नकळत पाळतो. आमच्या बैठकीत ते नियम फक्त एका बाजूने पाळले. त्याआधी १९६० मध्ये ब्राउन आणि गिलमन यांनी युरोपातल्या भाषांमधले 'तू' आणि 'तुम्ही' तपासले होते. एकाने 'तू' म्हणायचं आणि दुसऱ्याने 'तुम्ही'च म्हणायचं, तिथे सर्वनाम सत्ता सांगतं. आपल्या आजोबांना हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं. पण शास्त्रात नोंद झाली की ते पुराव्यासारखं वापरता येतं, म्हणून हे सांगतो आहोत.

अर्थात आपली परंपरा याहून जुनी आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद नागसेनाला चर्चेला बोलावतो. नागसेन आधी अट घालतो: पंडितासारखं बोलणार असाल तर बोलू, राजासारखं बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या चर्चेत चूक दाखवली तरी कोणी रागावत नाही. राजाला मात्र विरोध झाला की तो शिक्षा फर्मावतो. औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचं आणि परिसराला नागसेनाचं नाव बाबासाहेबांनी उगाच दिलेलं नाही.

बाबासाहेब बोलायला कधी नाही म्हणाले नाहीत. येवल्याच्या घोषणेनंतर, १९३६ मध्ये, ते आपल्या याच जिल्ह्यात, सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गांधीजींना भेटायला आले होते. त्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांच्या भाषणातल्या मजकुरावर आक्षेप घेतला आणि परिषद रद्द केली. बाबासाहेबांनी भाषण स्वखर्चाने छापलं, सोबत मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली, तेव्हा पुढच्या आवृत्तीत त्यांनी ती टीका छापली आणि तिच्या शेजारी आपलं उत्तर दिलं. विरोधकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत आपल्या पुस्तकात छापणारा माणूस संवाद टाळतो, असं कोणी म्हणू नये. त्यांनी नाकारलं ते आपलं म्हणणं आधी तपासून, कापून घेणं.

म्हणून बैठकीला आमचा विरोध नाही. तक्रार आधी नोंदवू, ॲट्रॉसिटीचा कायदा आपल्या जागी राहील, मग बसू. सगळे एकमेकांना 'तुम्ही' म्हणतील. कोण काय बोललं ते लिहिलं जाईल आणि सहीआधी वाचून दाखवलं जाईल. एवढं मान्य नसेल तर ती बैठक नाही, दरबार आहे.

ही अट घेऊन आम्ही विहारातल्या आपल्या लोकांकडे गेलो. सगळ्यांनी मान डोलावली. मग सवयीने वहीत पाहिलं, तर त्या संध्याकाळी बोललेली सगळी नावं पुरुषांची होती. एका ताईंनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा कोणीतरी मध्येच "थांबा जरा ताई" म्हणालं. त्यात एकदा आम्हीच होतो.

पुढच्या रविवारी पहिली पाळी त्यांना दिली. त्या म्हणाल्या, "जयंतीची वर्गणी आम्ही देतो, स्वयंपाक आम्ही करतो, मग समितीत आमचं नाव काहून नाही?"

अध्यक्षांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. आम्ही तो वहीत पहिल्या क्रमांकावर लिहून ठेवला आहे.