गाडीवरचा ओरखडा

गेल्या दसऱ्याची गोष्ट. खंडेनवमीला तुमच्या दारी होते तशी आमच्याही दारी अवजारे धुऊन मांडली. तिफण, विळे, कोयते, ट्रॅक्टर, आणि सगळ्यांत शेवटी गाडी. गाडी म्हणजे जुनी पांढरी मारुती आठशे. हे मॉडेल १९८३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा लोकांच्या हाती आले आणि २०१४ साली कारखान्यातून निघायचे बंद झाले. आमची अगदी अखेरच्या वर्षांतली, तीही दुसऱ्याने वापरलेली. आम्ही दोघा भावांनी पैसे घालून घेतली, म्हणून तिच्यावर दोन चुलींचा हक्क.

हार घालताना उजवीकडच्या ओरखड्यावर नजर गेली. मागच्या दारापासून चाकावरच्या कमानीपर्यंत हातभर लांब. भाद्रपदात पडला तेव्हा नुसती रेघ होती. आता कमानीजवळ चार बोटे जागा तांबूस झाली होती आणि कडेचा रंग फुगला होता. नखाने दाबला तर टरफलासारखा निघाला.

ओरखडा कोणी पाडला यावरून घरात दीड महिना अबोला होता. कोणी पाडला हे मी ठरवूनच टाकले होते. धाकट्या भावाचा मुलगा नुकता गाडी शिकलेला. त्या दिवशी सकाळी तो डेअरीला दूध घालून आला आणि मागोमाग मला रेघ दिसली. मी चावी काढून घेतली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरे. संध्याकाळी पारावर चार माणसांत बोलून गेलो, "पोराच्या हाती गाडी दिली की असंच व्हायचं." पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून एस.टी.ने कॉलेजला जाऊ लागला. खंडेनवमीच्या पूजेला धाकट्याकडचे सगळे आले, तो आला नाही.

तालुक्याच्या गॅरेजवाल्याला गाडी दाखवली. तो म्हणाला, "दार आणि मागची बाजू पुरी रंगवावी लागेल. साडेसहा हजार." त्याचे काही चुकले असे नाही, मधेच ठिगळ लावले तर दिसते, म्हणून ते लोक अख्खा भाग रंगवतात. पण मला गाडी लग्नात मिरवायची नव्हती, गंज थांबवायचा होता. गाडीचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाड. त्यावरचे रंगाचे सगळे थर मिळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. एवढ्याशा पापुद्र्याने पत्रा राखलेला असतो. तो फाटला की पाणी कडेने आत शिरते आणि चांगल्या दिसणाऱ्या रंगाखालीही गंज सरकत जातो. आपल्या गाड्यांना आणखी एक शाप आहे. डिकीतून आपण खताची पोती आणतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे एक क्षारच. सांडलेले खत ओलसर झाले की मिठासारखेच पत्र्याला खाते. पोत्याखाली ताडपत्री घाला आणि नंतर डिकी झाडून पुसून घ्या, एवढे तरी माझे ऐका.

कोजागिरी उलटून हवा कोरडी झाल्यावर कामाला लागलो. पावसाळी, दमट हवेत रंग लावला तर त्यावर पांढुरकी झाक धरते. तापलेल्या पत्र्यावरही लावू नये. चिंचेच्या सावलीत सकाळी दहाची वेळ मला बरी वाटली.

आधी गाडी स्वच्छ धुवायची. कपड्यांच्या पावडरीने नको, गाडीच्या शाम्पूने. कोणी डिझेलच्या बोळ्याने पुसून चमक आणतात. त्यावर धूळ बसते आणि तेलकट पत्र्यावर नवा रंग धरत नाही. मग ओरखड्यावरून आडवे नख फिरवा. नख अडकले नाही तर ओरखडा वरवरचा. रबिंग कंपाउंडने मऊ कापडाने चोळून जातो. टूथपेस्टने जातो म्हणतात तोही असलाच, कारण टूथपेस्टमध्येही बारीक घासणारी भुकटी असते. नख अडकले तर रंग भरावा लागणार. आत राखाडी दिसले तर प्रायमर उघडा पडला असे समजा, आणि चकाकता किंवा तांबडा पत्रा दिसला तर उशीर करू नका.

मी कंपाउंड लावून दाराकडून चोळायला सुरुवात केली. कापड पांढरे झाले. ते व्हायचेच, कारण आमच्या गाडीसारख्या जुन्या साध्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसतो. नव्या गाड्यांवर, विशेषतः चमचमत्या रंगांच्या, तो असतो. तिथे कापडाला रंग लागला तर थर संपला म्हणून हात थांबवावा. पण माझ्या कापडावर पांढऱ्याबरोबर लालही आले. इतके दिवस रेघेतला तो तांबूसपणा मी माती आणि गंज समजत होतो. तो रंग होता. दुसऱ्याच कशाचा तरी रंग गाडीवर घासून चिकटला होता.

असा लाल रंग आमच्या वस्तीवर एकाच वस्तूला आहे, उसाच्या ट्रॉलीला. गोठ्याशी जाऊन पाहिले. ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्याला पांढरा पट्टा. जमिनीपासून वितीने मोजले, परत येऊन गाडीवर मोजले. बरोबर तेवढेच.

मग आठवले. ओरखडा दिसला त्याच्या आदल्या रात्री पाऊस होता. मी तालुक्याहून उशिरा आलो आणि गोठ्याजवळ गाडी मागे घेतली. खर्रर्र आवाज झाला होता. बाभळीची फांदी घासली असेल म्हणून मी खाली उतरलोसुद्धा नाही.

वाचकहो, कंपाउंडची डबी हातात घेऊन मी किती वेळ बसलो होतो, सांगता येणार नाही. पोरगा कॉलेजातून आला तेव्हा त्याला हाक मारली. तो दोन हात लांब उभा राहिला. मी म्हणालो, "हे माझ्या हातनं झालंय. ट्रॉलीला लागली गाडी, मी मागं घेताना."

"माहीत आहे, आप्पा."

"माहीत आहे? कधीपासनं?"

"दुसऱ्या दिवशीच. ट्रॉलीला पांढरा रंग लागलेला बघितला होता."

"मग बोलला का नाहीस रे लेका?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही तर सांगितलंत."

यावर मला उत्तर सुचले नाही. तो बाह्या मागे सारून माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आणा तो कागद इकडं."

पुढचे काम दोघांनी केले. लाल रंग गेल्यावर ओरखड्याचा मोठा भाग चोळूनच नाहीसा झाला. खरी दुखणी जागा कमानीजवळची. तिच्याभोवती चिकटपट्टी लावली, म्हणजे चांगल्या रंगावर चरे पडत नाहीत. ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने लखलखीत पत्रा दिसेपर्यंत घासले. इथे कंटाळा केला तर सगळे वाया. गंजाचा ठिपका जरी राहिला तरी तो रंगाखालून पुन्हा वर येतो. मग पट्टी काढून ६०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावून, जुन्या रंगाची कड इतकी उतरती केली की बोट फिरवल्यावर पायरी लागेना. कोरडे करून स्पिरिटने पुसले आणि त्यावर पुन्हा हात लावला नाही, कारण घामाचा डागही रंगाला नडतो. थिनर मात्र चोळू नका, तो चांगल्या रंगालाच सोलतो. प्रायमरचा पातळ हात त्याच दिवशी दिला. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी पुन्हा तांबूस.

रंगाची बाटली घेताना नुसते "पांढरा द्या" म्हणू नका. पांढऱ्यातही कितीतरी प्रकार. गाडीच्या पट्टीवर किंवा चिकटवलेल्या कागदावर रंगाचा नंबर असतो, तो सांगून टचअपची बाटली मागवायची. आमची आठ दिवसांनी आली. झाकणालाच बारीक ब्रश पाहून सौ. म्हणाली, "हे तर नेलपॉलिशच की!" ब्रश खरेच तसाच असतो, पण म्हणून गाडीला नेलपॉलिश लावू नका. खड्याने उडालेला ठिपका असेल तर ब्रशही जाड पडतो, काडीपेटीची काडी टोकदार करून तिच्या टोकाने थेंब सोडावा.

पहिला हात मी दिला. लवकर उरकावे म्हणून जाड दिला आणि ओघळ आला. पोराने तो लगेच पुसला, जागा सुकू दिली आणि पुढचे चार पातळ हात, मध्ये तासतासभर थांबून, त्यानेच दिले. जाड थर वरून सुकतो आणि आत ओला राहतो. रंग आजूबाजूपेक्षा केसभर उंच आल्यावर थांबलो. आठ दिवस गाडीला कोणी पाणीही लावले नाही.

मग शेवटचे काम. २००० नंबरचा वॉटर पेपर शाळेच्या खोडरबरावर गुंडाळला, साबणाच्या पाण्यात भिजवला आणि फक्त उंचवट्यावर हलक्या हाताने फिरवला. बोटाने घासले तर खळगा पडतो, खोडरबराने सपाट राहते. जागा मंद झाली की घाबरू नका. कंपाउंड आणि मेणाचे पॉलिश लावल्यावर चमक येते. सगळे मिळून हजार रुपयांच्या आत झाले. तिरप्या उन्हात जागा अजून ओळखू येते, नवा पांढरा किंचित उजळ आहे. पण परवाचा सगळा पावसाळा गेला आणि फुगा आलेला नाही.

फवाऱ्याच्या डब्यातला दोन भागांचा पारदर्शक रंग कोणी सुचवला तर तो घरी वापरू नका. त्यातले कठीण करणारे द्रव्य श्वासातून छातीला बाधते, आणि तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही.

पारावर मी जे बोललो होतो ते तिथेच परत घ्यायला चार दिवस लागले. ज्यांनी तेव्हा माना डोलावल्या होत्या त्यांतला एकजण नेमका गावाला गेला होता. त्याच्याही कानावर हे आता जाईल, त्याच्या घरी हा अंक येतो.

गाडीची चावी पुन्हा खिळ्यावर आहे. ट्रॉलीच्या कोपऱ्याचा पांढरा पट्टा मी घासून काढायला गेलो होतो. पोरगा म्हणाला, "राहू द्या, आप्पा."

तो तसाच आहे.