हौशी माणसाची सवलत

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. एका रविवारी सकाळी एक तरुण अधिकारी आमच्या घरी आले. मूळचे साताऱ्याकडचे, केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीस, आणि वर्षभरापूर्वी बदलीने हैदराबादेत येऊन पडलेले. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाचे पाय सुटीच्या दिवशी मराठी घराकडे वळावयाचेच, या समजुतीने आम्ही आत चहाचे सांगितले. परंतु पाहुण्यांचे काम निराळे होते. त्यांनी पिशवीतून मोठ्या जपणुकीने कॅमेरा काढला, त्याच्या पाठीवरच्या पडद्यावर एकामागून एक छायाचित्रे आम्हांस दाखविली, आणि चष्मा पुसत विचारले, "काका, नोकरी सोडून हाच व्यवसाय करावा असे मनात आहे. तुम्ही केलात. मी करू का?"

छायाचित्रे चांगली होती. गोवळकोंड्याच्या तटावरचे पहाटेचे धुके, चारमिनाराजवळचा बांगड्यांचा बाजार, हुसेनसागरावर उतरलेले ढग. ती वाईट असती तर उत्तर सोपे होते. ती चांगली निघाल्याने आमच्यावर जबाबदारी येऊन पडली, आणि अशा वेळी सरकारी माणूस करतो तेच आम्ही केले: उत्तर पुढे ढकलून जुनी फाईल उघडली.

आम्ही लेखा खात्यात 1965 साली चिकटलो. पहिल्या काही पगारांतून शिल्लक टाकून एक आगफा क्लिक थ्री घेतला. त्या काळी घरोघरी दिसणारा हा साधा डबा. एका फिल्मवर बारा चित्रे, आणि बाराव्या चित्रानंतर महिनाभर उपवास. पुढे ग्वाल्हेरच्या मुक्कामात एक जुना पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा हाती आला आणि हौसेचे व्यसन झाले. 1974 साली हैदराबादेत बदली झाली, तेव्हा भाड्याचे घर पाहताना सौ. स्वयंपाकघर पाहत होत्या आणि आम्ही न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदाने कितपत झाकता येईल याचा अंदाज घेत होतो. कागदावर चित्रे छापावयाची म्हणजे तेथे तांबडा दिवा लागे, आणि मेटॉल, हायड्रोक्विनोन व हायपो यांच्या बाटल्या साबणाशेजारी मांडल्या जात. फिल्म धुण्याचे पाणी वीस अंश उष्णतेचे असावे असे पुस्तकात लिहिलेले असे. पुस्तक लिहिणाऱ्याने हैदराबादचा मे महिना पाहिला नसावा. नळाला येई ते पाणीच ऊन. त्यात फिल्मवरील लेप मऊ पडे आणि चित्रांवर सुरकुत्यांचे जाळे उमटे. मग बाहेरून बर्फ आणून पातेल्यात बाटल्या बुडवून ठेवावयाच्या. पन्ह्यासाठी आणलेला बर्फ कोणत्या कामी गेला, यावरून आमच्या घरात जेवढी भाषणे झाली तेवढी अन्य कोणत्याही विषयावर झाली नसतील.

कचेरीत आमची कीर्ती झाली. कोणाचा निरोपसमारंभ असो, कोणाच्या मुलाची मुंज असो, बोलावणे यावयाचेच. आम्ही पैसे घेत नसू. फिल्मची किंमत कोणी आग्रहाने देऊ केली तर घेत असू आणि चहा, चिवडा व स्तुती यांवर संतुष्ट असू. चित्र अंधुक आले तर लोक म्हणत, "काय सुंदर छाया पडली आहे!" हौशी माणसाला ही एक मोठी सवलत असते. ती आम्ही अनेक वर्षे विनातक्रार भोगली.

1986 साली आमच्या एका सहकाऱ्यांच्या मुलीचे लग्न अचानक ठरले. मुलाला परगावी रुजू व्हावयाचे होते. पंधरा दिवसांत सगळे उरकणे भाग होते. आमचे स्नेही आम्हांला म्हणाले, "फोटोचे तेवढे तुम्ही बघा. बाहेरचा माणूस नको." आम्ही हौसेने होकार दिला.

त्या जातीच्या कॅमेऱ्यात फिल्म घालताना तिचे टोक दुसऱ्या बाजूच्या चक्रीच्या फटीत अडकवावे लागे. ते नीट अडकले, म्हणजे दर चित्रानंतर कळ ओढली की डावीकडची घुंडी आपोआप फिरे. ती फिरते की नाही एवढे पाहिले की झाले; शाळकरी मुलालाही कळावे असे हे काम. आम्ही त्या दिवशी ते पाहिले नाही. अंतरपाट, मंगलाष्टके, कन्यादान, सप्तपदी — सारे आम्ही टिपले, म्हणजे टिपले असे समजलो. चित्रमोजणीचा आकडा छत्तिसावर गेला आणि कळ अडली नाही. सदतीस, अडतीस, चाळीस. बेचाळिसाव्या खेपेस आमच्या हातांना घाम सुटला. फिल्म जागची हलली नव्हती. आम्ही दुसरी फिल्म घातली, तोवर पाने मांडली गेली होती. त्या फिल्मवर पंगत आली, वाढपी आले, दोन व्याही हसताना आले. यजमानीणबाई त्या वेळी कोठीत होत्या.

संध्याकाळी आम्ही स्नेह्यांना बाजूस घेऊन सारे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मग आमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, तुम्ही का धंदेवाईक आहात? मनाला लावून घेऊ नका. लग्न तर झाले ना!" त्यांच्या पत्नीने निघताना आमच्या हातात बुंदीच्या लाडवांचा पुडा ठेवला.

ते लाडू आम्हांस गोड लागले नाहीत. कचेरीत एका हरवलेल्या पावतीसाठी आम्ही दोन-दोन पाने आक्षेप लिहीत असू. येथे छत्तीस पावत्या गहाळ झाल्या होत्या आणि आक्षेप शून्य! कोणी रागावले असते, निदान पुन्हा बोलावणार नाही असे म्हटले असते, तर बरे वाटले असते. ते आमच्यावर रागावू शकत नव्हते, कारण आम्ही त्यांच्याकडून काही घेतले नव्हते. पैसे घेणे म्हणजे समोरच्या माणसाला रागावण्याचा अधिकार देणे, ही गोष्ट आम्हांला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी उमगली. त्या रात्री झोप आली नाही, आणि सौ.ना आम्ही प्रथमच म्हणालो की हा व्यवसाय करावा.

त्यांनी एकच प्रश्न विचारला: "घरभाडे कशातून द्यायचे?"

या शहरात आम्हांला एक दाखला हाताशी होता. लाला दीनदयाळ हे 1844 साली मेरठजवळच्या सरधन्यात जन्मले, रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकले आणि 1866 साली इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या कामावर लागले. म्हणजे आपल्यासारखेच परगावी नेमणूक झालेले सरकारी नोकर. 1874 च्या सुमारास त्यांनी हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला. होळकरांच्या दरबाराने, गोऱ्या अधिकाऱ्यांनी कौतुक केले. सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते मध्य हिंदुस्थानातील जुन्या वास्तू टिपत हिंडले. आणि तरीही या गृहस्थांनी एकदम राजीनामा फेकला नाही. त्यांनी आधी लांब रजा घेतली! रजेत धंदा चालतो की नाही ते पाहिले आणि मगच नोकरी सोडली. पुढे सिकंदराबादेस स्टुडिओ, सहाव्या निजामाची मर्जी, 'राजा मुसव्विर जंग' हा किताब, 1896 साली मुंबईस स्टुडिओ. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. लोक त्यांची चित्रे पाहतात. आम्हांला मात्र त्यांचा रजेचा अर्ज पाहावयास फार आवडेल.

आम्हांला रजा काढून धंदा करणे शक्य नव्हते. 1964 च्या आचरण नियमांतील पंधरावा नियम वाचकांस मुखोद्गत असेलच. प्रसंगोपात्त वाङ्मयीन वा कलाविषयक काम पूर्वपरवानगीशिवाय चालते. व्यापार-उदीम चालत नाही. तेव्हा वाट एकच होती. वीस वर्षांची सेवा झालेल्यास तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येत असे. 1989 साली आमची चोवीस वर्षे भरली होती. त्यात त्या वेळच्या नियमाप्रमाणे पाचांची भर पडून एकोणतीस धरली गेली. तेहतिसांस पूर्ण निवृत्तिवेतन, तर एकोणतिसांस किती, हे त्रैराशिक सौ.नी भाजीच्या हिशेबाच्या वहीत मांडले. उत्तर आले, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाल्या, "तेल थोडे कमी घालू." मुलगी त्या वर्षी दहावीला होती.

सिकंदराबादेत एक अरुंद खोली भाड्याने घेतली. कल्पना अशी होती की दख्खनच्या किल्ल्यांची चित्रे काढू, त्यांची प्रदर्शने भरवू. प्रत्यक्षात पहिली सहा वर्षे आम्ही गोवळकोंड्याचे तोंड पाहिले नाही. गिऱ्हाईक येई ते पारपत्रासाठी, ओळखपत्रासाठी, मुलीच्या स्थळासाठी. हौस गेली का? पुष्कळशी गेली. रविवारी कॅमेरा उचलावा असे वाटेनासे झाले. जे हे नाकारतात ते एक तर फार भाग्यवान असावेत किंवा फार घाईत असावेत.

पण त्या खोलीत एक गोष्ट आम्हांला मिळाली, जी तटाबुरुजांवर मिळाली नसती. निवृत्तिवेतनाच्या कागदांना पतिपत्नींचे एकत्र छायाचित्र जोडावे लागते, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे. उरलेल्यांना यथाकाल कळेल. शहर सरकारी कचेऱ्यांचे. दर महिन्याला असे एखादे तरी जोडपे येई. पस्तीस वर्षांचा संसार, आणि लग्नानंतर दोघांनी मिळून फोटो म्हणून काढलेला नाही. चौकट एवढीशी असते की खांद्याला खांदा लागल्याखेरीज दोन चेहरे त्यात बसत नाहीत. आम्ही म्हणावे, "जरा जवळ बसा," आणि जिल्ह्याला धाकात ठेवलेल्या गृहस्थांनी लाजून जमिनीकडे पाहावे. बाई हळूच त्यांच्या कॉलरवरची सुरकुती काढीत आणि आम्हांस विचारीत, "कुंकू दिसेल ना हो?" आम्ही दिवा थोडा वळवीत असू. एवढ्याशा चित्रात कुंकू दिसावे, यासाठी आम्ही जितके श्रम घेतले तितके कोणत्याही सूर्योदयासाठी घेतले नाहीत.

1994 साली ते आमचे स्नेही निवृत्त व्हावयास आले. तेव्हा वय अठ्ठावन्नाचे होते. ते एकटेच आले. पत्नी मागल्या थंडीत वारल्या होत्या. आम्ही भेटून आलो होतो. म्हणाले, "माझ्या एकट्याचाच लागतो, विचारून घेतले." फोटो काढून झाला, तरी ते उठेनात. मग म्हणाले, "मुलीच्या लग्नातला हिचा एखादा निघेल का तुमच्याकडे? कन्यादानाच्या वेळी ती माझ्या शेजारी होती." ते विसरले होते. आठ वर्षांपूर्वी जे एकदा सांगितले होते ते आम्हांस पुन्हा सांगावे लागले. त्यांनी मान हलविली आणि म्हणाले, "हो, हो. खरेच की."

त्या रात्री आम्ही दुसऱ्या फिल्मची पट्टी शोधून काढली. पंगतीच्या एका चित्रात, मागे कोठीच्या दारात, हातात परात घेतलेली एक स्त्री अर्धवट वळलेली दिसते. तेवढाच भाग मोठा करून छापला. दाणे फुटले, चेहरा निम्माच आला. दुसऱ्या दिवशी स्नेह्यांच्या हाती दिला. त्यांनी तो खिडकीशी नेला आणि बराच वेळ पाहिला. "हीच," म्हणाले. मग खिशात हात घालून विचारले, "किती झाले?" आम्ही नको म्हणालो. ते म्हणाले, "असे कसे? आता तुमचा हा व्यवसाय आहे." आम्ही पैसे घेतले आणि पावती लिहून दिली.

हे सारे आम्ही त्या तरुण पाहुण्यांना सांगितले. शिवाय 1 जानेवारी 2004 पासून केंद्रात नव्याने लागलेल्यांचे निवृत्तिवेतनाचे गणित आमच्यासारखे उरलेले नाही, तेव्हा आमचे त्रैराशिक त्यांच्या कामाचे नाही, हेही सांगितले. नियमांत बसेल ती रजा आधी पाहा म्हणालो. त्यांनी सारे ऐकून घेतले, परंतु नजर कॅमेऱ्यावरच होती. मग म्हणाले, येत्या मार्गशीर्षात एका मित्राच्या बहिणीचे लग्न आहे, फोटो त्यांनाच काढावयाचे आहेत. पैशांचे काही ठरलेले नाही, घरचेच कार्य.

आम्ही विचारले, "तुमच्या या यंत्रात चित्रे साठवायला कार्ड एक की दोन?"

"जागा दोन कार्डांची आहे, काका. पण मी एकच घालतो. आजवर कधी अडले नाही."

आम्ही आत वळून सौ.ना चहाचे आणखी एक आधण ठेवावयास सांगितले.