हललेला लाल

गेल्या आठवड्यात जिन्याचा कठडा रंगवायला माणूस आला आणि थिनरचा वास थेट स्वयंपाकघरात शिरला. हातातली पोळी तव्यावर करपली. अशाच वासात आमच्या मागच्या खोलीत बाबा स्क्रीन प्रिंटिंग करायचे. चौकटीवर ताणलेली जाळी, त्यावरून ओढायची रबराची पट्टी, खाली लग्नपत्रिका. गणपती आधी सोनेरी, मग लाल. लाल केसभर सरकला तरी पत्रिका बाजूला. "रंग हलला. ही लोकांच्या दारात जायची नाही." एकदा दीडशे पत्रिका अशा गेल्या. त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

म्हणून कॉलेजच्या ग्रंथालयात अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलची 'मेरिलिन डिप्टिक' ही स्क्रीन प्रिंट पाहिली तेव्हा मला राग आला. पन्नास चेहरे, सगळे हललेले! 1962च्या ऑगस्टमध्ये मेरिलिन मन्रो गेली आणि त्यानं 'नायगारा' सिनेमाच्या जाहिरातीतला तिचा फोटो जाळीवर चढवला. डावीकडे पिवळे केस, गुलाबी गाल, ओठांवर न बसलेला लाल. उजवीकडे नुसती काळी शाई. कुठे तिचा लगदा झालेला, कुठे ती पुरलेलीच नाही. शेवटच्या उभ्या ओळीत तर बाई जवळपास उरतच नाही. तिथे मी थांबले. माणूस गेलंय, रंग जागेवर कसा बसेल?

"छापखान्यातलं काम, याला कला म्हणायचं?" असं आमचे एक सर म्हणाले होते. ते मी अजून विसरलेले नाही. पट्टी कधी हातात धरली असती तर कळलं असतं, दर ओढीला हाताचा दाब बदलतो.

2022मध्ये न्यूयॉर्कला वॉरहॉलची 1964ची एक मेरिलिन साडेएकोणीस कोटी डॉलरला गेली. चंदेरी टोप, पार्ट्या, नटनट्या, सगळं खरं. पण मला त्याच्यात दिसतो तो पिट्सबर्गमधला अंथरुणाला खिळलेला मुलगा. एक पान रंगवलं की आई ज्युलिया त्याला चॉकलेट द्यायची. ती 1972मध्ये गेली. 1974मध्ये त्यानं तिचाही चेहरा त्याच जाळीतून काढला.

बाबांनी टाकलेल्या पत्रिका आई जपून ठेवायची. ती गेल्यावर पिठाच्या डब्यामागे एक सापडली. पुढे लाल हललेला गणपती, मागे तिचं अक्षर: मार्च. दूध दीड लिटर. खाडे दोन.