आवाज घरात असू दे

हेडफोन ही सभ्य माणसाची वस्तू आहे, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. पोरांना गेम खेळायचाय ना, खेळू दे, पण कानाला लावून खेळू दे. घरातल्या बाकीच्यांना त्याचा जाच कशाला? हे मत मी नातेवाइकांत आणि शेजारीपाजारी आग्रहाने मांडलेलं आहे. आज ते माझं राहिलेलं नाही. आमच्या घरातलं प्लेस्टेशन आता कॉम्प्युटरच्या मॉनिटरला जोडलेलं आहे, आणि त्याचा आवाज दोन स्पीकरमधून, स्वयंपाकघरापर्यंत येईल असा येतो. तो यावा म्हणून खटपट मीच केली.

माझं सासर गोव्यातल्या डिचोलीत आणि माहेर पेडण्यात. दोन्हीकडे आवाज ही साधी गोष्ट नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा डिचोलीतल्या खाणी भरात होत्या. खनिजाचे ट्रक एकामागोमाग एक जायचे, खिडकीची तावदानं थरथरायची, दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत लाल व्हायचे. माझी थोरली मुलगी तान्ही होती. तिचा डोळा लागला की रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवलाच. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि एकदम सामसूम झाली, पण ती सामसूम कितीतरी घरांच्या पोटावर पाय देऊन आली होती, त्यामुळे तिचा आनंदही उघडपणे मानता येत नव्हता. मधे खाणी थोड्या सुरू झाल्या, पुन्हा थांबल्या, २०२४ पासून डिचोलीत पुन्हा काम चालू आहे.

पेडण्याची तऱ्हा वेगळी. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावर रात्रीच्या संगीताने लोकांची झोप उडाली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती पाळली जावी म्हणून तिथल्या लोकांना तक्रारी कराव्या लागल्या, कोर्टाची पायरी चढावी लागली. अशात काणकोणात पाळोळ्याला हेडफोन पार्ट्या निघाल्या. दहानंतर लाऊडस्पीकर बंद, संगीत प्रत्येकाच्या कानात, आणि बाहेर शांतता. हे ऐकलं तेव्हा वाटलं, हाच खरा तोडगा. ज्याला आवाज हवा त्याने तो आपल्यापुरता ठेवावा. बाहेरच्या जगाला लागू पडलेला हा नियम मी घरात आणला.

प्लेस्टेशन आमच्याकडे आणलं माझ्या धाकट्या भावाने. तो आखातात असतो. एका सुट्टीत येताना भाच्यासाठी प्लेस्टेशन ४ स्लिम घेऊन आला. आधी ते हॉलमधल्या टीव्हीला लागलं. पण संध्याकाळी टीव्ही सासूबाईंचा. त्यांच्या बातम्या, त्यांच्या मालिका. त्यात मुलाची मॅच ऐन रंगात यायची तीही त्याच वेळी. रोजची कटकट. थोरली शिकायला पणजीला राहायला गेली आणि तिचा बावीस इंची मॉनिटर मागच्या खोलीत नुसता पडून राहिला, तेव्हा मार्ग आपोआप सापडला. टीव्हीची एचडीएमआय वायर काढून मॉनिटरला लावली.

चित्र तर टीव्हीपेक्षा सुरेख आलं. मॉनिटर १९२० बाय १०८० चा, प्लेस्टेशन ४ स्लिमही तेवढंच चित्र देतं. जेवढे ठिपके आले तेवढेच दिसले, ताणाताणी नाही. शिवाय टीव्ही आलेल्या चित्रावर आपली रंगसफाई करत बसतो, त्यात थोडा वेळ जातो. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे एकेका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलीसेकंद. तिथे दोन-चार चित्रांचा उशीर झाला तरी बटण दाबणं आणि खेळाडूने उडी मारणं यांत अंतर पडतं. टीव्हीत त्यासाठी ‘गेम मोड’ असतो. आमच्या टीव्हीत तो कुणी कधी चालू केलाच नव्हता. मॉनिटर हे असले सोपस्कार फारसे करत नाही. मुलाला फरक पहिल्याच खेळात कळला.

फक्त आवाज नव्हता. मॉनिटरला स्पीकर नाहीत. हेडफोनचं भोकही नाही.

यावरून मला पेडण्याचं आमचं घर आठवलं. भाऊ अकरावीला गेला तेव्हा सरकारच्या सायबरएज योजनेतून त्याला कॉम्प्युटर मिळाला होता. २००२ च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेने नाममात्र पैशांत गोव्यातल्या कितीतरी घरांत पहिला कॉम्प्युटर नेला. आमच्या घरात तो जड काचेचा, पाठीमागे पोट सुटलेला मॉनिटर मानाने टेबलावर बसला. टीव्ही एकच, त्यावर बाबांचा ताबा. मग भावाने म्हापशाहून टीव्ही ट्यूनरचा डबा आणला. टीव्ही गेमची पिवळी पिन त्या डब्यात, डब्यातून निळी वायर मॉनिटरला, आणि आवाजाची पिन कॉम्प्युटरच्या स्पीकरकडे. तेव्हा चित्र आणि आवाज यांच्या वायरीच निरनिराळ्या होत्या. चित्र एका रस्त्याने गेलं तरी आवाजाला आपण हवं तिकडे वळवू शकत होतो. एचडीएमआयने दोन्ही एकाच वायरीत बांधले. त्यामुळे वायरींचा गुंता गेला हे खरं, पण वायर जिथे संपते तिथे कान नसले तर आवाज तिथेच संपतो.

मुलाने हेडफोन काढला आणि कंट्रोलरच्या भोकात लावला. प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये ‘ऑल ऑडिओ’ निवडलं की सगळा आवाज तिथे येतो. एक पैसा खर्च नाही आणि घरात शांतता. माझ्या मताप्रमाणे सगळं झकास जमलं होतं.

हळूहळू त्या शांततेचं खरं स्वरूप दिसायला लागलं. मागच्या खोलीतून अर्धाच संवाद ऐकू यायचा. ‘डावीकडे, डावीकडे!’ मग काहीच नाही. मग टेबलावर हात आपटल्याचा आवाज. काय झालं, जिंकला की हरला, रागावला की हसतोय, काही कळायचं नाही. हाक मारली तरी पोचत नसे. डिचोलीत जून-जुलैत पाऊस कौलांवर नुसता कोसळतो. त्या आवाजावर मात करायला तो हेडफोनचा आवाज वाढवायचा, आणि पाऊस थांबला तरी तो तसाच चढलेला राहायचा. एकदा विजा कडाडायला लागल्या, मी ओट्यापासून ओरडतेय, ‘प्लग काढ, प्लग काढ!’ आणि हा पाठमोरा बसून खेळतोय. खोलीत जाऊन खांद्यावर हात ठेवला तर दचकला. हेडफोन काढला तेव्हा हातभर अंतरावरून मला त्यातल्या गोळ्या ऐकू येत होत्या.

नंतर मी वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेप्रमाणे मुलांनी आठवड्याला चाळीस तास ऐकायचं तर आवाज ७५ डेसिबलच्या आसपास असावा, मोठ्यांसाठी ८०. आणि दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ७८ ला वीस तास, ८१ ला दहा. ‘बीएमजे पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ साली व्हिडिओ गेम आणि श्रवणशक्ती यांवरच्या अभ्यासांचा आढावा आला, त्यातही खेळणाऱ्यांच्या कानावर पडणारा आवाज पुष्कळदा या मर्यादेच्या जवळ किंवा वर असल्याचं म्हटलंय. ट्रकच्या आवाजाविरुद्ध तावातावाने बोलणारी मी. तोच मारा इंचभर अंतरावरून माझ्याच मुलाच्या कानावर होत होता.

तरीही माझं मत फिरलं ते आकड्यांनी नाही. चवथीला पेडण्याहून भाचे आले. आरत्या झाल्या, घुमटं खाली ठेवली, नेवऱ्या खाऊन पोरं मागच्या खोलीत पळाली. थोड्या वेळाने मी डोकावले. एकाच्या कानावर हेडफोन, हातात कंट्रोलर. बाकीचे पलंगावर ओळीने बसून मुकं चित्र बघताहेत. सगळ्यांत लहानगा म्हणाला, ‘आत्ये, ह्याला आवाज नाही?’ आणि उठून हॉलमध्ये निघून गेला. एकेक करून सगळेच उठले. पुढे हॉलमध्ये फुगडी चालू होती, लोक हसत होते, आणि माझा मुलगा त्या खोलीत एकटा. त्याने काही वाईट केलं नव्हतं. मी घालून दिलेला नियम पाळत होता.

आमच्या घरांत आवाज कधी एकट्याचा नसायचा. पेडण्याला दशावतार असला की देवळात न गेलेल्यांनाही मृदंगावरून कळायचं, आता राक्षस आला. क्रिकेटची कॉमेंट्री न्हाणीघरातूनही ऐकली जायची. भावाच्या त्या टीव्ही गेमची टिंगटिंग आईला इतकी पाठ होती की भात उतरवता उतरवता ती म्हणायची, ‘मेला वाटतं तुझा माणूस.’ चित्र बघायला समोर बसावं लागतं. आवाजाचं तसं नाही, हातातलं काम न सोडता माणूस त्यात सामील होतो. बाहेरच्या आवाजाला आपण विरोध करतो, कारण तो परक्याचा असतो आणि आपलं त्याच्यावर काही चालत नाही. घरातला आवाज आपल्या माणसाचा असतो. जास्त झाला तर ‘कमी कर रे’ म्हणता येतं. हा फरक मी केलाच नव्हता.

मग स्पीकर लावायचे ठरले. थोरलीचे कॉम्प्युटरचे दोन जुने स्पीकर होतेच. ज्यांच्या मॉनिटरला मागे हेडफोनचं भोक असतं, त्यांचं काम सोपं. तिथे पिन लावायची की झालं. घरातला ब्लूटूथ स्पीकर प्लेस्टेशन ४ घेत नाही. कंट्रोलरच्या भोकातून स्पीकरला वायर नेता येते, पण हातातली वस्तू दोरीने बांधल्यासारखी होते. शेवटी आवाज वेगळा काढणारी छोटी डबी घेतली, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी. एका बाजूने प्लेस्टेशनची एचडीएमआय आत, दुसऱ्या बाजूने एचडीएमआय मॉनिटरकडे, आणि शेजारी स्पीकरच्या पिनेचं भोक. तिला लागणारी वीज प्लेस्टेशनच्या यूएसबीतून मिळते.

सगळं जोडलं, चित्र आलं, आवाज नाहीच. डबीच्या कडेला नखाने सरकवायचा एक बारीक खटका होता, त्यावर तीन जागा: ‘पास’, ‘टू सीएच’, ‘फाइव्ह पॉइंट वन’. तो ‘पास’वर होता. भावाने फोनवर समजावलं तेव्हा उमगलं. वायर लागली की प्लेस्टेशन पुढच्या यंत्राला विचारतं, तुला काय काय जमतं? ‘पास’वर असताना ती डबी मॉनिटरचंच उत्तर पुढे करते, आणि मॉनिटर म्हणतो, मला आवाज घेता येत नाही. मग प्लेस्टेशन आवाज पाठवतच नाही. खटका ‘टू सीएच’वर नेला की डबी स्वतः सांगते, दोन वाटांचा आवाज दे, मी घेते. खटका सरकवला आणि खोलीत प्रेक्षकांचा गलका उसळला. सासूबाई हॉलमधून म्हणाल्या, ‘कोण आलं रे?’

थोडी घुरघुर होती. मॉनिटर एका भिंतीवरच्या सॉकेटला आणि स्पीकर दुसऱ्या भिंतीवरच्या, असं होतं. सगळं एकाच बोर्डवर घेतल्यावर ती बरीच गेली. अशा घुरघुरीवर तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन मोडण्याचा उपाय काहीजण करतात. तो जिवाशी खेळ आहे, कुणी करू नये. विजा सुरू झाल्या की त्या एका बोर्डचा प्लग काढला की सगळंच सुटतं, हा आणखी एक फायदा. वूफरचा डबा मात्र मी घेतला नाही. त्याचा दणका जमिनीतून शेजारच्या खोलीत जातो.

मुलाला हे सगळं मनापासून पटलंय असं मी म्हणणार नाही. त्याचं म्हणणं, शत्रूची पावलं कुठून येताहेत ते हेडफोनमध्ये नेमकं कळतं, स्पीकरमध्ये तितकं नाही. ते बरोबर आहे. स्पीकर कानाच्या उंचीला आणून दोन बाजूंना सारख्या अंतरावर ठेवल्यावर बराच फरक पडला, पण हेडफोनची सर नाही. दुसरं त्याचं म्हणणं अधिक वजनाचं आहे. मित्रांशी खेळताना बोलतो ते सगळं घराने का ऐकायचं? चौदा वर्षांच्या मुलाला आपलं काही खासगी असावं, हे मला मान्य आहे. मी स्पीकर पहारा ठेवायला लावले नाहीत. म्हणून मित्रांचं बोलणं एका कानाच्या इयरफोनवर, तेही आवाज मर्यादेत ठेवून, आणि खेळाचा आवाज स्पीकरवर, असं आमचं ठरलंय. रात्री दहानंतर स्पीकर बंद. त्या नियमावरचा माझा विश्वास जराही कमी झालेला नाही, मग तो मांद्रेचा किनारा असो की आमची मागची खोली.

भावाने आता पेडण्याच्या घरीही मॉनिटर लावायचं मनात घेतलंय. पोरांना चांगले हेडफोन आणू का, असं त्याने विचारलं. मी त्याला म्हटलं, आण, पण आधी ती डबी आण, आणि जुने स्पीकर माळ्यावर आहेत का ते आईला विचार.