लेप कोठवर जातो?

आमच्या सदाशिव पेठेंतील घरीं सौभाग्यवती दुखऱ्या गुडघ्यास डायक्लोफेनॅकचें मलम चोळतात आणि सूनबाई सुरकुत्यांकरितां कोलॅजेनचें महागडें क्रीम लावितात. दोघींचेंही म्हणणें एकच, 'आंत मुरतें.' परंतु मुरतें म्हणजे कोठवर जातें? रसायनशास्त्र शिकणाऱ्या आमच्या नातीनें याचें जें उत्तर सांगितलें, तें वाचकभगिनींच्या उपयोगीं पडेल असें वाटतें.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं कलकत्त्यास लाविलेला शोध येथें कामास येतो. पदार्थावर एकरंगी प्रकाश टाकला असतां विखुरणाऱ्या प्रकाशाच्या अत्यल्प अंशाचा रंग किंचित् पालटतो. हा पालट ज्या त्या द्रव्याचा निराळा, जणूं त्याची स्वाक्षरीच. आतां सूक्ष्मदर्शकांतून लेसर-किरण त्वचेच्या एकेका बिंदूवर सोडून या स्वाक्षऱ्या वाचितात आणि औषध किती खोल गेलें याचा नकाशा काढितात. त्याकरितां औषधांत रंग मिसळावा लागत नाहीं.

त्वचेचा सर्वांत वरचा निर्जीव थर बहुतेक ठिकाणीं अवघा १० ते २० मायक्रॉन जाड, म्हणजे केसाहूनही बारीक. पण द्वारपाल तोच. सुमारें ५०० हून अधिक रेणुभाराचें द्रव्य तो सहसा आंत सोडीत नाहीं. डायक्लोफेनॅकचा रेणुभार सुमारें २९६, कोलॅजेनचा सुमारें तीन लाख! तेव्हां कोलॅजेन वरच राहून त्वचा मऊ ठेवील इतकेंच.

केसांच्या मुळांशीं मात्र आणखी एक वाट आहे. लेप केसांच्या उलट दिशेनें लावावा, म्हणजे औषध रोमकूपांत शिरतें, असें सुश्रुतानें सूत्रस्थानांत सांगितलें आहे. आजचे संशोधकही हीच वाट यंत्रानें तपासतात. म्हणून पूर्वजांस सर्व कांहीं ठाऊक होतें असा डांगोरा पिटूं नये. त्यांनीं तर्क केला, यंत्रानें प्रत्यक्ष दाखविलें. दोहोंचा मान निरनिराळा.

या सर्वांतून आम्ही एक बोध घेतला. जें आंत जातें तेंच गुण देतें आणि तेंच अपायही करितें. गोरेपणाच्या हौसेनें मुली स्टिरॉइडमिश्रित मलम महिनोन्‌महिने तोंडास फांसतात. तें खरोखरच आंत जातें, त्वचा पातळ करितें, चेहरा लाल होतो. अशीं कित्येक मलमें चिठ्ठीवांचून विकूं नयेत म्हणून सरकारनें २०१८ सालीं नियम केला. परंतु घरांतील वडीलधाऱ्यांनीं विचारल्यावांचून नियम पाळले जात नाहींत. 'मुरतें का?' एवढ्यावर न थांबतां 'काय मुरतें?' हें विचारण्याची संवय प्रत्येक घरीं लागली पाहिजे.