मुलुंडची थंडी आणि अमेरिकन कोंबडी

मुंबईत थंडी पडते का?

नरिमन पॉइंटच्या एसी ऑफिसात बसून हा प्रश्न विचारलात, तर उत्तर सरळ ‘नाही’ असं येईल. पण एखाद्या मुलुंडकराला विचारून बघा! आमच्याकडे जानेवारीत स्वेटर फॅशन म्हणून नाही, गरज म्हणून बाहेर निघतात.

शनिवारची पहाट, साडेपाच वाजलेले. वीकेंडला या वेळी उठणं म्हणजे गुन्हाच. तरीही स्वेटरवर स्टोल गुंडाळून मी पाच रस्त्यावरून रिक्षा पकडली. मोबाइल १६ अंश दाखवत होता. मुलुंड कॉलनी मागे पडली, समोर येऊरचे डोंगर काळेभोर उभे राहिले आणि वारा एकदम बोचायला लागला. कारण सोपं आहे. समुद्र इथून लांब, त्यामुळे रात्री जमीन पटकन निवते. वर डोंगरावरची गार, जड हवा उतारावरून घरंगळत पायथ्याशी येऊन साचते. मुंबईच्या थंडीचा विक्रम मात्र सांताक्रूझच्या नावावर आहे : २२ जानेवारी १९६२, ७.४ अंश!

मी निघाले होते कोंबड्या बघायला. हसू नका.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी याच पायथ्याच्या पाड्यात राहतात. मी शाळेत होते तेव्हापासून त्या येतात. घराशेजारी त्यांचं खुराडं आहे आणि अंडी आमच्याच बिल्डिंगमध्ये खपतात. त्या पैशांतून धाकटीच्या क्लासची फी निघते. गावठी कोंबडी वर्षाला जेमतेम ६०-७० अंडी देते, म्हणून गेल्या वर्षी त्यांनी नातेवाइकाकडून ‘आरआयआर’ची २० पिल्लं मागवली. आरआयआर म्हणजे ऱ्होड आयलंड रेड. तांबूस रंगाची, तपकिरी अंड्यांची ही कोंबडी नीट ठेवली तर गावठीच्या दुप्पट-तिप्पट अंडी देते.

पिल्लं खोक्यात, वर शंभरचा बल्ब. जानेवारीतल्या एका रात्री दोन वाजता लाइट गेली. सकाळी आठ पिल्लं जिवंत होती.

“थंडीनं नाही गं मेली सगळी,” मावशी म्हणाल्या होत्या, “एकमेकांच्या अंगावर चढून चेंगरली.”

मला वाटलं, अमेरिकन जात, आपल्याकडे कशी टिकणार? पण माझं गणितच उलटं होतं. ही कोंबडी जिथली, त्या ऱ्होड आयलंडमध्ये हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली जातो. १९५४ पासून ती त्या राज्याचा अधिकृत पक्षी आहे. कोंबडीच्या अंगाचं तापमान असतं ४१ अंशांच्या आसपास. पिसं फुलवली की त्यांत हवा अडकते आणि तिची गोधडी होते. एक पाय पोटाशी, चोच पंखात, की झोप लागली. उघडे राहतात ते तुरा आणि गलोल. बर्फाच्या देशात कडाक्याच्या थंडीत तुऱ्याची टोकं गोठून काळी पडतात. मुलुंडमध्ये तेवढी वेळ येत नाही. मोठ्या कोंबडीला इथली थंडी म्हणजे फक्त छान हवा! तिला त्रास होतो तो ओल्या जमिनीचा आणि फटीतून थेट अंगावर येणाऱ्या वाऱ्याचा.

खरी परीक्षा पिल्लांची. त्यांच्या अंगावर नुसती लव असते. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी चालते, पण पिसं येईपर्यंत चार-पाच आठवडे सांभाळावंच लागतं. ही ऊब आईने द्यायची. गोची अशी, की जास्त अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली, तसं या जातीचं खुडूक होणं कमी झालं. ती अंडी देते, उबवायला बसेलच असं नाही.

आणि गावठी? ती तर बसायलाच टपलेली! म्हणून या वर्षी मावशींनी आरआयआरची ११ अंडी खुडूक झालेल्या गावठी कोंबडीखाली ठेवली. २१ दिवसांनी नऊ पिल्लं निघाली. आदल्या रात्री पाड्यातली लाइट पुन्हा गेली होती, आणि पिल्लं जेमतेम आठवड्याची होती.

आम्ही पोचलो तेव्हा डालग्यावर गोणपाट होतं, वाऱ्याच्या बाजूला पत्रा. मावशींनी गोणपाट उचललं. आत कोंबडी फुगून बसलेली, पिल्लू एकही दिसेना. मी श्वास रोखला. मावशी मात्र खाली वाकून तिच्या पोटाखालचे पिवळे पाय मोजत होत्या.

“अठरा,” त्या म्हणाल्या. “चल, चहा घेऊ.”

घरी येऊन वाचलं आणि थक्क झाले. कोंबड्यांच्या पायांचा हा पिवळा रंग त्यांच्या मुख्य पूर्वजाकडून, म्हणजे लाल रानकोंबड्याकडून, आलेलाच नाही. २००८ च्या एका संशोधनानुसार तो आलाय करड्या रानकोंबड्याकडून, आणि हा पक्षी आपल्या सह्याद्रीतला! म्हणजे अमेरिकन कोंबडीच्या पायात आधीपासूनच थोडा आपला डोंगर होता. थंडीत तिच्या पिल्लांना पंख मात्र गावठी आईचेच लागले.

सोमवारी मावशींनी दोन तपकिरी अंडी ओट्यावर ठेवली. पैसे घेतले नाहीत.

जायचं असेल तर : डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीची सुरुवात, सूर्योदयाच्या जरा आधी. मुलुंड पश्चिमेला उतरून रिक्षाने मुलुंड कॉलनी. पुढचं जंगल राष्ट्रीय उद्यानाचं आहे आणि तिथे बिबटे आहेत, त्यामुळे परवानगीशिवाय आत शिरू नका. आणि हो, स्वेटर विसरू नका!